पॉप-अप छताचा वाऱ्याचा आवाज परत परत येतोय? नवीन रबर लावायच्या आधी हे करून बघा

आमच्या कॅम्परव्हॅनच्या पॉप-अप छताचा (मुक्कामाला वर उचलायचं, कॅनव्हासच्या भिंती असलेलं छत) आवाज मी तीनदा घालवला आणि तिन्ही वेळा तो परत आला. पहिल्यांदा छताच्या कडेची फट बुजवणारी जुनी रबराची पट्टी, म्हणजे बीडिंग, काढून जाड बीडिंग लावलं, पंधरा दिवस बरं वाटलं, मग ऐंशीच्या पुढे गेलं की पुन्हा तीच सूं सूं. दुसऱ्यांदा एका गॅरेजमधे पुढच्या कडेला सिलिकॉन सीलंट भरून घेतलं, आवाज कमी झाला पण पाणी अडकून आत यायला लागलं म्हणून ते सगळं खरवडून काढावं लागलं आणि काढायचं काम लावण्यापेक्षा कितीतरी किचकट. तिसऱ्यांदा छत खाली पकडून ठेवणारे लॅच जोर लावून आवळले. चौथ्या वेळी मात्र ठरवलं की काही विकत आणायचं नाही, काही बदलायचं नाही, दोन दिवस नुसता शोध घ्यायचा. आणि तेव्हा कळलं की आवाज एक नव्हताच, तीन होते. सगळ्यात मोठा घालवला की त्याच्या आड दडलेला दुसरा ऐकू यायला लागायचा आणि मला वाटायचं तोच परत आला.

हे नीट लक्षात घ्या कारण सगळा घोळ इथेच होतो. दोन सारख्याच मोठ्या आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला तरी एकूण आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि ३ डेसिबलचा फरक चालत्या गाडीत जेमतेम जाणवतो. म्हणजे तुम्ही अर्धं काम अगदी बरोबर केलेलं असतं पण कानाला काही वाटत नाही म्हणून तुम्ही ते फुकट गेलं समजून काढून टाकता आणि दुसरं काहीतरी करायला घेता. मी जाड बीडिंग लावलं ती चूकच होती (का ते पुढे येईल), पण लॅच आवळले ते बरोबर होतं आणि तरी मी ते परत सैल केले होते.

दुसरी गोष्ट वेगाची. वाऱ्याचा आवाज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वाऱ्यात कुठलीही कड, दांडी किंवा पट्टी अडवी आली की तिच्यापासून होणाऱ्या आवाजाची शक्ती साधारण वेगाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की जवळजवळ चौपट, डेसिबलमधे मोजलं तर ६ च्या आसपास. आणि इथे वेग म्हणजे गाडीचा नाही, हवेचा. समोरून २० चा वारा असेल तर ८० ने चालवतानाही छताला १०० चाच वारा लागतो. म्हणून "काल गप्प होती, आज बोंबलतेय" असं झालं तर आधी झाडांकडे बघा, वारा कुठून आहे ते बघा, मग छताला दोष द्या. चाचणी करताना रोज तोच रस्ता, तोच वेग, शक्यतो एकाच दिवशी पाठोपाठ, आणि जमलं तर त्याच पट्ट्यावर जाताना एकदा येताना एकदा.

आधी कान, मग हात

गाडी चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, ऐकणारा माणूस वेगळा हवा. आमच्याकडे हे काम बायकोने केलं, मागच्या सीटवर पट्टा लावून बसली, हातात साधी अर्धा मीटरची रबरी नळी, एक टोक कानाशी आणि दुसरं छताच्या कडेजवळून हळूहळू फिरवायचं. फट असेल तिथे नळीतून एकदम सुस्स असं ऐकू येतं आणि चार बोटं पुढे सरकलं की गायब. मी एकटाच चालवत होतो तेव्हा महिनाभर मला आवाज पुढून डावीकडून येतोय असं ठाम वाटत होतं, निघाला मागच्या उजव्या कोपऱ्यातून. बंद डब्यात आवाज भिंतींवर आपटून फिरतो, त्यामुळे चालवणाऱ्याच्या कानावर दिशेच्या बाबतीत विश्वास ठेवू नका.

आवाजाची जात ओळखली की शोध निम्म्यावर येतो. सुस्स किंवा सूं अशी बारीक, सलग, हवा गळल्यासारखी असेल तर रबर आणि पत्रा यांच्यामधे फट आहे. स्वच्छ एका सुराची शिट्टी असेल तर एखादी दांडी, अँटेना, उघडं भोक नाहीतर खाच. धडधड किंवा फडफड असेल तर कॅनव्हास, पट्टा, नाहीतर छताचा पातळ भाग हलतोय. खोल घूं घूं, छातीत जाणवणारी, कानात दडा बसल्यासारखी असेल तर छताच्या पुढच्या ओठाखाली, म्हणजे पुढे आलेल्या कडेखाली, जी पोकळी असते तिच्यात हवा घुमतेय. आणि टक टक, खड्ड्यावर जास्त येणारी, तो वाऱ्याचा आवाजच नाही, लॅचमधे खेळ आहे.

अजून एक परीक्षा आहे आणि ती मला फार उपयोगी पडली. वेग हळूहळू वाढवा आणि सूर ऐका. वेगाबरोबर सूर वर चढत जात असेल तर वाऱ्यात अडवी आलेली कुठलीतरी दांडी किंवा तार वाजतेय. सूर तोच राहून एका ठराविक वेगाला आवाज एकदम फुगत असेल आणि अजून पुढे गेलं की कमी होत असेल तर पोकळी वाजतेय, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होतं ना तसंच. आणि काच बोटभर उघडली की सूर बदलत असेल किंवा थांबत असेल तर हवा आतून बाहेर किंवा बाहेरून आत जातेय म्हणजे गळती आहे हे जवळजवळ नक्की.

टेप लावायची उलटी पद्धत

बहुतेक लोक एका वेळी एका फटीवर टेप लावून बघतात. मीही तेच करत होतो आणि वर सांगितलेल्या ३ डेसिबलच्या गणितामुळे काहीच कळत नव्हतं. उलटं करा. सगळ्या फटी एकदम टेपने बंद करा, छताचा पूर्ण घेर, पुढचा ओठ, मागची कड, बिजागरीची भोकं, ऑनिंगच्या (गाडीच्या बाजूला ताणायच्या कापडी मांडवाच्या) रेलची टोकं, कॅरियरच्या दांड्यांच्या खाचा, सगळं. मग एक फेरी मारा. ही तुमची सगळ्यात शांत गाडी. आता एकेक तुकडा काढत जा आणि प्रत्येक वेळी तीच फेरी. शांततेत एक आवाज वाढला की तो लगेच कळतो, गोंगाटात एक कमी झालेला कळत नाही.

आणि सगळं टेपने बंद करूनही आवाज तेवढाच राहिला तर छतावर खापर फोडू नका, बघायची जागा दुसरी आहे. दाराचं वरचं रबर, पुढच्या काचेची कड, आरसे, वायपर. एकदा दारांच्या फटींवर टेप लावून (चालवणाऱ्याचं दार सोडून, तिथून बाहेर पडता आलं पाहिजे) फेरी मारून बघा.

टेपबद्दल एवढंच की रंगकाम करणारे वापरतात ती चांगली मास्किंग टेप घ्या, रुंद, पत्रा आधी पुसून कोरडा करून लावा, पुढची कड विशेष दाबा आणि मागून सुरू करून पुढे येत अशी लावा की पुढचा तुकडा मागच्यावर चढेल, घरावर कौलं रचतात तसं, नाहीतर वारा कडेतून घुसून टेप उपटतो आणि मागच्या गाडीच्या काचेवर जाते. उन्हात तासन् तास ठेवू नका, गोंद राहतो. पावसात ही चाचणी करू नका.

गाडी उभी असतानाही थोडं कळतं. सगळी दारं काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेईल अशा सेटिंगला फुल्ल, आणि बाहेरून छताच्या कडेने ओला हात फिरवा. हवा येते तिथे गार लागतं. गाडीच्या मागच्या भागात आतली हवा बाहेर जायला झडप ठेवलेली असते, ती तात्पुरती टेपने बंद केली तर आतला दाब वाढतो आणि हे जास्त नीट कळतं, नंतर ती टेप आठवणीने काढा. ही पद्धत इतकी बरोबर का बसते तर चालत्या गाडीतही छताच्या कडेला हवा बहुतेक आतून बाहेरच खेचली जाते.

आता मुख्य मुद्दा, छत वर उचललं जातं

उभ्या गाडीत छत कसं बसलंय ते बघून काही उपयोग नाही कारण चालताना ते तसं बसलेलं नसतं. पुढच्या काचेवरून वर चढलेली हवा छताच्या पुढच्या कडेवरून वळताना वेग घेते आणि तिथला दाब बाहेर कमी होतो, आत मात्र नेहमीचाच असतो. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा दाब साधारण ४६० पास्कल भरतो, म्हणजे चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास. ओढ त्याच्या निम्मीच धरली आणि छत २ चौरस मीटरचं धरलं तरी पंचेचाळीस-पन्नास किलोचा माणूस वरून छत उपसत बसल्यासारखं आहे. १२० ला तोच आकडा ६५ च्या पुढे जातो. छत पकडून ठेवलंय कोणी तर दोन-तीन लॅचनी किंवा पट्ट्यांनी, आणि दोन लॅचच्या मधला भाग कमानीसारखा फुगतो. तिथे रबरावरचा दाब गेला की सूं सुरू. उभ्या गाडीत कागद अडकवून ओढून बघितला तर छान घट्ट.

म्हणून कागदाची चाचणी नुसती करू नका, छताच्या पुढच्या मधल्या भागाला आतून कोणीतरी हाताने जोर लावून वर ढकलत असताना करा. रुंद कागदाची पट्टी रबर आणि पत्र्यामधे ठेवायची, छत बंद करून लॅच लावायचे, वर ढकलायचं आणि पट्टी ओढायची. आमच्याकडे न ढकलता सगळीकडे घट्ट होती, ढकलल्यावर मधे दोन वीत लांबीत पट्टी सुळकन बाहेर.

इथेच माझं जाड बीडिंग चुकलं होतं. जाड रबर दाबायला जास्त जोर लागतो, लॅच तेवढा जोर देऊ शकत नाहीत, मग लॅचजवळ रबर चेपतं आणि मधे छत रबरावर तरंगतं. पंधरा दिवस बरं वाटतं कारण नवीन रबर फुगलेलं असतं, पुढे लॅचजवळ ते कायमचं चेपून बसतं आणि मग आधीपेक्षा वाईट.

तर आधी लॅच. हुकाच्या मागे आटे असलेला बोल्ट आणि चेकनट (बोल्ट फिरू नये म्हणून आवळलेला जादा नट) असेल तर तो सैल करून हुक अर्धा आटा आत घ्या, दोन्ही बाजूंना सारखाच, मग बंद करून बघा. लॅच हाताने लागला पाहिजे, दोन्ही हात लावून अंग टाकावं लागत असेल तर जास्त झालं, छताचं फायबर लॅचच्या स्क्रूभोवती तडकू शकतं. ही घाई करू नका, अर्धा आटा, फेरी, परत अर्धा आटा. पट्टा आणि बकल असलेलं छत असेल तर पट्टा उन्हापावसाने ताणला गेलाय का, बकलचे दात झिजून पट्टा सरकतोय का ते बघा. पट्ट्यावर बकलजवळ मार्करने रेघ मारा, शंभर किलोमीटर चालवा, रेघ सरकलेली दिसली तर बकल बदला, बाकी काही करू नका. मधे फुगवटा खूपच असेल तर मधोमध आतून एक जादा पट्टा किंवा लॅच घेणं हाच खरा उपाय, पण त्याचा आधार फायबरच्या पातळ भागावर नको, आतल्या फ्रेमला हवा, आणि ते छत बनवणाऱ्याला विचारून करा.

रबर, आता रबर

लॅच नीट झाल्यावरच रबराकडे या. सध्याचं रबर आधी नीट बघा, दिवसाउजेडी, डोळा अगदी जवळ नेऊन. चांगलं रबर बोटाने दाबून सोडलं की लगेच फुगून वर येतं. मेलेलं रबर चपटं राहतं, त्यावर पत्र्याच्या कडेचा ठसा चकचकीत रेघेसारखा उमटलेला असतो. आमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात ती चकचकीत रेघ चार बोटं तुटलेली होती आणि त्या तुटलेल्या जागी धुळीची बारीक, केसासारखी रेघोट्यांची ओळ होती, सगळ्या रेघोट्या आडव्या, आतून बाहेर जाणाऱ्या. हवा जिथून सतत जाते तिथे ती धूळ अशी सोडून जाते. एवढं स्पष्ट लिहून ठेवलेलं होतं आणि दोन वर्षं मी ते कधी वाकून बघितलं नाही.

फट किती आहे ते अंदाजाने ठरवू नका. मुलं खेळतात ती मऊ क्ले घ्या, वाटाण्यापेक्षा मोठे गोळे करून प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून वीत वीत अंतरावर ठेवा, जिथे रबर काढलंय तिथे किंवा रबराच्या शेजारी त्याच पातळीवर, छत बंद करून लॅच लावा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. आतून पोकळ रबर साधारण एक तृतीयांश ते निम्मं चेपलं गेलं की छान बसतं. म्हणजे फट ८ मिलिमीटर असेल तर १२ मिलिमीटरचं रबर. पण गोळे कुठे ५ आणि कुठे ११ असे निघाले तर नवीन रबर आणूच नका, छत वाकडं बसतंय, बिजागरी नाहीतर लॅच सरकवायचा आहे. सूतभर (साधारण ३ मिलिमीटर) फरक रबर सांभाळून घेतं, दोन सूत नाही.

रबर ईपीडीएमचं (हा कृत्रिम रबराचा एक प्रकार) घ्या, ऊन आणि थंडी दोन्ही सोसतं. खिडक्यांना लावतात तो साधा स्पंजचा फोम लावू नका, तो पाणी पितो आणि एका मोसमात मरतो. जुना गोंद पूर्ण काढून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कोरडी होऊ द्यायची. चिकटवताना रबर ओढू नका, विशेषतः कोपऱ्यावर, ओढून लावलेलं रबर परत आखडतं आणि जोडाची तोंडं उघडतात, उलट कोपऱ्यावर थोडं आत लोटत लोटत लावा. जोड मागच्या बाजूला ठेवा, पुढे वाऱ्याच्या तोंडाला कधीच नको. चिकट टेपवालं असेल तर लावल्यावर एक ते तीन दिवस गाडी हायवेला नेऊ नका, गोंदाला पूर्ण पकड घ्यायला तेवढा वेळ लागतो. आणि पाणी जायची भोकं किंवा मागच्या कडेला मुद्दाम सोडलेली फट बुजवू नका, माझं सिलिकॉनचं प्रकरण त्यातूनच झालं.

लावून झाल्यावर सिलिकॉनचं ग्रीस किंवा स्प्रे कपड्यावर घेऊन हलकं पुसा, तीन-चार महिन्यांनी परत. त्यामुळे रबर पत्र्याला चिकटत नाही, थंडीत कडक होऊन किरकिरत नाही. पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल मात्र लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

कॅनव्हास

आमचा दुसरा आवाज हा होता. धड धड धड, पण फक्त बाजूने वारा असला की. छत खाली घेताना कॅनव्हासची एक घडी मागच्या कोपऱ्यात रबराखाली अडकत होती, दोन पदर, जेमतेम बोटभर रुंद. तेवढ्याने तिथे रबर उचललेलं राहायचं, म्हणून तिथूनच हवा जायची (धुळीच्या रेघोट्या तिथल्याच), आणि आतला सैल कॅनव्हास त्या हवेने ढोलासारखा वाजायचा. म्हणजे गळती आणि धडधड एकाच घडीमुळे. मी रबर बदलत होतो आणि दर वेळी त्याच कोपऱ्यात तीच घडी नव्या रबराखाली जात होती.

छत खाली घेताना एक दार नाहीतर काच उघडी ठेवा. बंद गाडीत खाली येणारं छत आतली हवा दाबतं आणि ती हवा कॅनव्हासला बाहेर ढकलते, मग घड्या कडेवर येतात. दार उघडं असलं की हवा तिथून निघून जाते. कॅनव्हासच्या मधोमध कमरेला बांधावी तशी इलॅस्टिकची दोरी असते ती ढिली झाली असेल तर बदला, स्वस्त आणि सोपं काम आहे आणि फरक खूप पडतो. छत शेवटचं वीतभर राहिलं की थांबा, गाडीभोवती एक चक्कर मारा, चारही कोपरे हाताने आत सारा, मग पूर्ण खाली घ्या. ओला कॅनव्हास जास्त जाड आणि हट्टी असतो, पावसानंतर हे दुप्पट काळजीने करा, आणि मुक्कामाला पोचल्यावर तो परत उघडून वाळवा.

पुढचा ओठ आणि छतावरचं सामान

छताची पुढची कड पत्र्यावर थोडी पुढे आलेली असते आणि तिच्याखाली एक पोकळी राहते. काचेवरून येणारी हवा थेट तिच्या तोंडावर आदळते. घूं घूं इथली. पाइपांना गुंडाळतात ते काळं फोमचं नळकांडं लांबीत चिरून त्या ओठावर बसवा, टेपने नीट पक्कं करा आणि फेरी मारा. घूं घूं गेली तर मग तिथे कायमचं रबर किंवा पुढे एक डिफ्लेक्टर लावायचा विचार करा. डिफ्लेक्टरचं काम हवेला अडवणं नाही, तिला ओठाच्या वरून काढून देणं आहे, त्यामुळे तो उगाच उंच घेतलात तर त्याच्याच वरच्या कडेवर नवा आवाज तयार होतो. ओठापेक्षा किंचित वर, मागे झुकलेला, टोकं गोल, आणि खाली पत्र्याशी रबर लावून बसवलेला. दोन टोकांना पाणी जायला जागा ठेवा.

आमचा तिसरा आवाज शिट्टी होती आणि तिचा छताशी काहीच संबंध नव्हता. ऑनिंगसाठी बाजूला जी खाच असलेली ॲल्युमिनियमची रेल असते तिचं पुढचं टोक उघडं होतं, टोपी कधीतरी पडली असणार. करंगळी जाईल एवढं भोक, समोरून वारा, झाली बासरी. रेलच्या खाचेत रबराची दोरी सरकवून टोकाला टोपी लावली, विषय संपला. दहा मिनिटांचं काम.

कॅरियरच्या गोल दांड्या असतील तर त्याही वाजतात. वारा गोल दांडीच्या मागे आलटून पालटून भोवरे सोडतो, २५ मिलिमीटरच्या दांडीला १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण २२० भोवरे, म्हणजे घोगरी गुणगुण, आणि ४ मिलिमीटरच्या अँटेनाला १४०० च्या आसपास, म्हणजे शिट्टी. त्यावर उपाय म्हणजे दांडीभोवती दोरी मळसूत्रासारखी गुंडाळणं, मग भोवरे सगळ्या लांबीत एका वेळी सुटत नाहीत आणि सूर मोडतो. कारखान्याच्या उंच चिमण्यांना वर जी पिळाची पट्टी दिसते ती याच भोवऱ्यांसाठी. २५ च्या दांडीला अडीच-तीन मिलिमीटरची दोरी, दर बारा सेंटीमीटरला एक वेढा, टोकं घट्ट. अर्थात दांड्या लागत नसतील तेव्हा काढून ठेवणं सगळ्यात उत्तम. सोलर पॅनल ब्रॅकेटवर उभं असेल तर त्याच्या फक्त पुढच्या कडेला उतरती पट्टी लावा, बाजू आणि मागे मोकळं ठेवा, पॅनलखालून हवा फिरली नाही तर ते तापतं आणि वीज कमी देतं. लोंबणारे पट्टे असतील तर त्यांना मधे एक-दोन पीळ द्या, सपाट पट्टा फडफडतो, पिळलेला फडफडत नाही.

मोजायचं असेल तर

फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने आधीचा आणि नंतरचा फरक बघता येतो, पण आकड्याला खरा मानू नका, फक्त तुलना करा. फोन दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला, मागे बसलेल्याच्या हातात नाही तर सीटला बांधलेला. ॲपमधे ए वेटिंग (कुठला सूर किती धरायचा त्याची एक सेटिंग) असेल तर खोल घूं घूं त्यात जवळजवळ दिसतच नाही, कारण ते वेटिंग खालचे सूर कमी धरतं. तुमची तक्रार कानात दडा बसण्याची असेल तर खालचे सूर जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या सी वेटिंगला लावून बघा, नाहीतर ॲप म्हणेल फरक नाही आणि डोकं म्हणेल आहे. सूरांचा आलेख दाखवणारं ॲप असेल तर अजून चांगलं, शिट्टी त्यात एकटी सुळक्यासारखी वर आलेली दिसते.

हे सगळं करूनही थोडी सळसळ राहतेच. फायबरचं छत पत्र्याच्या छताइतकं जड नसतं आणि हलक्या गोष्टीतून आवाज जास्त आत येतो. वरच्या बेडची गादी प्रवासात वरच राहू द्या, तिने बराच फरक पडतो. छताला आतून डॅम्पिंगच्या (थरथर मारणाऱ्या) जड शीट चिकटवायच्या असतील तर आधी वजन करा आणि तुमच्या छताच्या पुस्तिकेत किती वजन चालतं ते बघा, कारण ते वजन गॅस शॉकरनी उचलायचं आहे. मी फक्त पुढच्या फुगणाऱ्या भागाला दोन लहान तुकडे लावले, पूर्ण छताला नाही.

सध्या सहा महिने झाले, आवाज नाही. लॅचच्या चेकनटवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली आहे, लांबच्या प्रवासाआधी बघतो. मागच्या महिन्यात डाव्या बाजूची रेघ तुटलेली दिसली, नट पाव आटा फिरला होता. पान्याने जागेवर आणला आणि निघालो.